बिनआग्रहाची पंगत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेत नाही. त्यांना याचं वाईट वाटत नाही, कारण खरं उत्तर त्यांनाही माहीत आहे. ते उपकार आमच्या समाजाच्या वसतिगृहातल्या काकूंचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि काकूंना एखादी गोष्ट आवडली नाही की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

वसतिगृह इंदरगंजच्या चौकामागच्या गल्लीत होतं. समोर वकिलांच्या पाट्या, खाली झेरॉक्सवाले, आणि दिवसभर हॉर्न. दरवाजावर संगमरवरी पाटी होती: समाजातील होतकरू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी. समाज म्हणजे आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या या हिंदी मुलखात राहिलेले मराठी लोक. आमच्यात दोन प्रकार होते. काहींचे पूर्वज दरबारात कारकून आणि पुरोहित म्हणून आले, त्यांची नातवंडं-पतवंडं आता डॉक्टर, वकील, इंजिनिअर आहेत. वसतिगृहाचे विश्वस्त सगळे त्यांच्यातले. दुसऱ्यांचे पूर्वज फौजेबरोबर आले. त्यांचे वंशज आता काहीही करतात. माझे वडील डबऱ्याच्या मंडीत धान्याची पोती तोलतात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. शाळा हिंदी, घरात मराठी, आणि तीही अर्धी हिंदी.

काकू वसतिगृहाच्या मागच्या खोलीत राहायच्या. त्यांचे यजमान तिथले व्यवस्थापक होते. ते वारल्यावर विश्वस्तांनी काकूंना खोली राहू दिली आणि स्वयंपाकघर त्यांच्या हातात दिलं. मूलबाळ नव्हतं. हरिशंकरपुरममध्ये एक पुतण्या होता, त्याच्याकडे त्या दिवाळीला जायच्या आणि जेवून परत यायच्या. त्यांना घर म्हणून जे काही होतं ते ती खोली आणि ते स्वयंपाकघर.

आम्ही मुलं खाली पाटावर पंगतीनं जेवायचो आणि काकू स्वतः वाढायच्या. मी आलो तो रविवार होता आणि शिरा केलेला होता. एकदा वाढून झाल्यावर काकू पातेलं घेऊन पुन्हा आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"अजून वाढू?"

"हो," मी म्हणालो.

पंगत हसली. मोठ्यानं नाही, नाकातून. पलीकडचा एक जण म्हणाला, "पाहुणे उपाशीच आले वाटतं डबऱ्याहून." काकू हसल्या नाहीत. त्यांनी मला शिरा वाढला, चांगला मोठा पळा भरून, आणि तो सगळा मला त्या हसणाऱ्या तोंडांसमोर संपवावा लागला.

आमच्या घरी आई एकदाच विचारायची. असेल तर विचारायची, नसेल तर नाही. असलेल्या वस्तूला नको म्हणायचं कशाला, हे मला ठाऊक नव्हतं.

जेवणानंतर काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं.

"हे बघ. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ताटावर हात आडवा धरायचा. तिसऱ्यांदा हात काढायचा. मग वाढणारा वाढतो."

"भूक लागली असली तरी?"

"भूक लागली असली तरच. पोट भरलेल्याला हे शिकावं लागत नाही."

मी त्या दिवशी ही रीत शिकलो. तिची उलटी बाजू शिकायला आणखी थोडे महिने लागले.

उलटी बाजू अशी. काकू कोणाला रागावत नसत. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. पण एखाद्याचं वागणं त्यांना पटलं नाही की त्या त्याला आग्रह करायच्या थांबायच्या. वाढायच्या सगळं. वरण, भात, तूप, भाजी, पोळ्या, काही कमी नाही. कोणी तक्रार केली असती तर करायला जागा नव्हती. फक्त दुसऱ्या फेरीला त्याच्यासमोरून जाताना पाय थांबायचे नाहीत. डावीकडच्याला "घे रे, ऐक जरा," उजवीकडच्याला "काय हे चिमणीसारखं खाणं," आणि मधल्या ताटासमोर काहीच नाही. आपणहून मागायची सोय नव्हती. मागणारा म्हणजे हावरा, आणि हावरा म्हणजे ज्याच्या घरात रीत नाही तो. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरात खरोखरच रीत नव्हती, म्हणून आम्ही कधीच मागत नसू.

माझ्या खोलीत शिवपुरीचा एक मुलगा होता. हुशार, बडबड्या, अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा. एकदा विश्वस्त तपासणीला आले. अध्यक्षांनी पंगतीत उभं राहून विचारलं, "काय बाळांनो, जेवण कसं असतं?" सगळ्यांनी "छान" म्हटलं. हा म्हणाला, "बढिया असतं. बस, वरण जरा पातळ असतं." अध्यक्ष हसले, काकूंकडे पाहून म्हणाले, "ऐकलंत ना?" आणि पुढे गेले.

त्या रात्री काकूंनी त्याला वरण वाढलं, तूप घातलं, आणि पुढे गेल्या.

पहिला आठवडा त्यानं मजेत घेतला. मला म्हणायचा, "अबे, ये सज़ा है क्या? पेट तो भर रहा है." मग त्याच्या लक्षात आलं की गोष्ट पंगतीत थांबलेली नाही. काकूंनी कोणाला काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. रोज दोन वेळा पन्नास डोळे बघत होते की त्या कोणासमोर थांबत नाहीत. चौकात चहाला निघताना मुलं त्याला विचारायची, पण एकदाच. तो सवयीनं "नको यार" म्हणायचा आणि ती निघून जायची. नोट्स मागितल्या तर मिळायच्या, पण कोणी आपणहून आणून द्यायचं नाही. त्याला कोणी त्रास दिला नाही, शिवी दिली नाही, त्याची वस्तू लपवली नाही. तो खोलीत मोठ्यानं गाणी म्हणायचा ते बंद झालं. मग मोठ्यानं बोलणंही.

मी त्याच्याशी बोलायचो. म्हणजे त्यानं काही विचारलं तर उत्तर द्यायचो.

परीक्षेच्या आधी त्यानं सामान बांधलं. पडाव भागात, स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये काम मिळालं होतं, राहायला जागाही होती. परीक्षेला तो बसला नाही. जाताना काकूंच्या पाया पडला. त्यांनी "सुखी राहा" म्हटलं आणि हातातली भाजी निवडत राहिल्या. त्याची खाट खिडकीखाली होती, तिथे उजेड चांगला यायचा. दुसऱ्या दिवशी मी माझी वळकटी तिकडे हलवली. त्याच उजेडात बसून मी पुढची सगळी वर्षं अभ्यास केला.

नंतर माझी पाळी आली. पहिल्या वर्षाला माझा अकाउंट्सचा पेपर राहिला, सप्लीमेंट्री आली. निकालाच्या दिवशी काकू माझ्या ताटासमोर थांबल्या नाहीत.

दिवाळीपर्यंत थांबल्या नाहीत. शिवपुरीच्या मुलाचं काय झालं ते मी पाहिलेलं होतं, त्यामुळे मी मजेत घेण्याच्या भानगडीत पडलो नाही. पहाटे उठायचो, स्वयंपाकघराच्या पायरीवर दिव्याखाली पुस्तक उघडायचो. काकू आत चुली पेटवायच्या, माझ्याकडे बघायच्या नाहीत. पण पायरीवर चहाचा पेला ठेवलेला असायचा. हे आग्रहात धरायचं की नाही, यावर मी इतका विचार केला आहे की तेवढा कुठल्याही पेपरवर केला नसेल. पेपर सुटला. मार्कशीट त्यांच्यासमोर धरली, त्यांनी चष्मा लावून वाचली आणि परत दिली. रात्री पंगतीत पायांचा आवाज आला आणि थांबला.

"अजून वाढू?"

"नको."

"घे रे."

मी हात आडवा धरला.

"ऐक जरा."

मी हात काढला. त्यांनी तूप वाढलं. त्या भातात मीठ जास्त झालं असेल, एवढंच सांगतो.

लोक म्हणतात, मुलांना कौतुकानं वाढवावं. म्हणत असतील. मला कौतुकानं काही झालं नसतं. मला मराठीत शुद्ध बोलायला, चारचौघांत बसायला, मुलाखतीत साहेबानं "बसा" म्हटल्याशिवाय न बसायला जे शिकवलं ते त्या न थांबणाऱ्या पायांनी. मी "मी येऊन राहिलो" म्हणालो की काकू उत्तरच द्यायच्या नाहीत, "येतोय" म्हणेपर्यंत. मी बी.कॉम. झालो, दुसऱ्या श्रेणीत. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. परीक्षा देऊन इंदरगंजच्याच एका सरकारी कचेरीत लेखा विभागात लागलो. तिथे पहिल्याच महिन्यात ओळखीची गोष्ट दिसली. साहेबांना एखादा बाबू आवडेनासा झाला की ते ओरडत नाहीत. त्याच्या फायली वेळेवर सही होऊन येतात, फक्त त्यावर कधी कुठला शेरा नसतो, बोलावणं नसतं, "हे काय लिहिलंस" नसतं. बाकीच्यांना ते खूप सुख वाटतं. मला त्यात ते न थांबणारे पाय ऐकू येतात.

माझा निकाल लागला त्या वर्षी गणपतीच्या महाप्रसादाला काकूंनी एक गोष्ट केली.

महाप्रसाद वसतिगृहाच्या दालनात व्हायचा. पहिल्या ओळीत विश्वस्त आणि त्यांची घरं बसायची, मागच्या ओळींत आम्ही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पाट मांडणारा पाट मांडायचा आणि प्रत्येकाला आपला पाट कळायचा. त्या दिवशी काकूंनी मला हाक मारली आणि पहिल्या ओळीतला एक पाट दाखवला.

"इथे बस."

"काकू, इथे?"

"पदवीधर झालास ना? दारावर काय लिहिलंय?"

मी बसलो. थोड्या वेळानं अध्यक्षांचे जावई आले, इंदूरहून आले होते, आणि ओळीत जागा नव्हती. ते हसत हसत म्हणाले, "नाही नाही, मी नंतर बसतो." त्यांना कोणीतरी उठून जागा देईल असं वाटलं होतं, आणि मला उठायचं असतं हे कळलं नाही. नको म्हटलेलं मी खरं मानलं. अध्यक्षांच्या पत्नी जिलबी घेऊन आल्या. माझ्या शेजारच्या डॉक्टरांना त्यांनी इतका आग्रह केला की ते पाटावरून मागे सरकले. मला जिलबी वाढली आणि पुढे गेल्या.

मला वाटलं, ही शिक्षा मला आहे. मी फार लहान माणूस होतो, मला शिक्षा कोण करणार?

काकूंना कोणी एक शब्द बोललं नाही. कार्यकारिणीची बैठक महिन्याला व्हायची आणि काकू चहा घेऊन आत जायच्या. पूर्वी सगळे म्हणायचे, "काकू, बसा हो, तुमच्याशिवाय काय बैठक." त्या "नको, काम आहे" म्हणायच्या, मग पुन्हा आग्रह व्हायचा, मग त्या दारातल्या खुर्चीवर बसायच्या, आणि तिथे बसून वसतिगृहाचं निम्मं कामकाज ठरायचं. आता त्या चहा ठेवायच्या आणि कोणीतरी म्हणायचं, "थँक्यू, काकू." खुर्ची काही दिवस दारात होती. मग ती आत घेतली गेली. सणाच्या सामानाची यादी त्यांना विचारून व्हायची, ती आता होऊन यायची. वार्षिक अहवालात त्यांचे आभार पूर्वीपेक्षा जास्त ओळींत मानले गेले.

मी माजी विद्यार्थी म्हणून बैठकांना जायला लागलो होतो. काकूंना हे सगळं माझ्याआधी कळलं होतं. ज्या बाईनं हे हत्यार आयुष्यभर वापरलं तिला ते ओळखायला किती वेळ लागणार? त्या वाळत चालल्या. वरण आणखी पातळ झालं, आणि आता मुलं ते बोलून दाखवायची, कारण आता चालत होतं.

मग एका बैठकीत काकू चहाचा ट्रे ठेवून थांबल्या. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मी म्हणते, आता वय झालं. पुतण्या केव्हाचा बोलावतोय. खोली मोकळी करावी म्हणते."

हा त्यांचा पहिला नको होता. खोलीतल्या प्रत्येकाला ते समजलं. आमच्यात लग्नाच्या घरचा पाहुणासुद्धा "निघतो आता" म्हटल्यावर जात नाही, त्याला दोनदा बसवतात तेव्हा कुठे चप्पल सापडते. काकूंना फक्त एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, कुठे निघालात काकू, राहा ना. मग त्या पुन्हा नको म्हणाल्या असत्या, आणि मग राहिल्या असत्या.

अध्यक्ष म्हणाले, "काकूंच्या इच्छेचा आपण सर्वांनी मान ठेवला पाहिजे."

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

मी म्हणालो, "काकू, राहा ना." आवाज माझा मलाच लहान वाटला. अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, "बघा, मुलांचं किती प्रेम आहे," आणि खजिनदारांना पुढचा विषय वाचायला सांगितलं. काकूंनी ट्रे उचलला. कप अजून भरलेले होते. त्यांनी ट्रे पुन्हा खाली ठेवला आणि रिकाम्या हातानं बाहेर गेल्या. पंगतीत पहिल्यांदा "हो" म्हटल्यावर माझ्यावर जे हसू आलं होतं, तसं त्या दिवशी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या घरी गेलो.

"काकूंना कोणी काही बोललं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खोली सोडा म्हणून सांगितलं?"

"नाही. त्या स्वतःच म्हणाल्या."

"मग बेटा, प्रॉब्लेम काय आहे?"

"त्यांना कोणी आग्रह केला नाही."

ते हसले. "अरे, आग्रह ही काय मागायची गोष्ट आहे? घे, कचोरी घे."

"नको."

"घे रे. गरम आहे."

"नको, खरंच."

"घरी आलायस, घ्यावीच लागेल."

मी घेतली. चांगली होती. मी ती सगळी खाल्ली, कारण तीन वेळा झालं होतं आणि आता न खाणं म्हणजे त्यांचा अपमान. खाऊन झाल्यावर मला उठण्यावाचून काही उरलं नाही.

खोली पुढच्या गणपतीनंतर सोडायची ठरली. त्या वर्षीच्या महाप्रसादाला काकू म्हणाल्या, जिलबी मी वाढणार. कोणाला नाही म्हणता येईना. शेवटचं वर्ष होतं, चार लोकांत बरंही दिसलं असतं. पहिली ओळ बसली. काकूंनी एकेक जिलबी प्रत्येकाच्या पानात वाढली. मी त्यांच्या मागे मठ्ठ्याचं भांडं घेऊन होतो. वरणभात झाला, आणि काकू जिलब्यांनी भरलेलं ताट घेऊन दुसऱ्या फेरीला निघाल्या. मान न वळवता मला म्हणाल्या, "एकदाच विचारायचं."

पहिल्या पाटावर अध्यक्षांच्या पत्नी होत्या.

"जिलबी वाढू?"

"नको, नको, काकू." त्या हसत होत्या. हात आधीच पानावर आडवा होता.

"बरं," काकू म्हणाल्या, आणि पुढे गेल्या.

त्यांचा हात तसाच आडवा राहिला.

"जिलबी वाढू?" "अहो, नको." "बरं." "जिलबी?" "नाही हो, फार झालं." "बरं." डॉक्टर, वकील, इंदूरचे जावई, खजिनदार. प्रत्येकाचं तोंड सवयीनं नको म्हणत होतं आणि काकू प्रत्येकाचा शब्द खरा मानत होत्या. अर्ध्या ओळीत पोहोचेपर्यंत पुढच्यांना कळलं होतं की काय होणार आहे, तरी त्यांना हो म्हणता येईना. पहिल्यांदा हो म्हणणं त्यांच्या तोंडाला माहीतच नव्हतं. खजिनदारांचे ओठ हलले, आवाज आला तो "नको"च. मी मागून "मठ्ठा?" विचारत होतो. अध्यक्ष म्हणाले, "नको." मी म्हणालो, "बरं." मला त्या क्षणी फार बरं वाटलं. तसं बरं वाटणं चांगलं नसतं, हे मला माहीत होतं.

मागच्या ओळींत मात्र काकूंनी असा आग्रह केला की माणसं पानावर पालथी पडली. मंडीतून आलेले माझे वडील तिसरी जिलबी घेताना हसून हसून खोकायला लागले. तो आवाज पहिल्या ओळीला ऐकू येत होता. पहिली ओळ पानाकडे बघत बसली होती. अध्यक्षांनी बोटं पाण्यात बुडवली आणि उठले. तक्रार करायला जागा नव्हती. सगळं वाढलं गेलं होतं.

शाल आणि नारळ पटकन दिला गेला. दुसऱ्या दिवशी टेंपोत एक कपाट, दोन ट्रंका आणि देव गेले. आठवडाभरात त्या खोलीत टेबल आणि संगणक आला.

हरिशंकरपुरमच्या फ्लॅटवर मी महिन्यातून एकदा जायचो. पुतण्याची बायको चांगली आहे, मनानं वाईट नाही, बँकेत जाते. सकाळी सगळं करून गरम डब्यांत भरून टेबलावर ठेवते. "काकू, जे पाहिजे ते घेऊन घ्या हं, हिचकू नका, लाजू नका," असं सांगून स्कूटी काढते. मी एकदा जेवायच्या वेळेला पोहोचलो. काकू टेबलाशी एकट्या बसल्या होत्या. ताटात एक पोळी होती, ती संपली. डब्यात आणखी पोळ्या होत्या, वाफ येत होती. काकूंनी हात धुतला.

"अजून घ्या ना," मी म्हणालो.

"नको."

"घ्या हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं घर आहे का हे? तू कोण वाढणारा?"

मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी सुनेला सांगितलं. ती घाबरली, म्हणाली, "भैया, मैं तो सब रखकर जाती हूँ. त्या घेतच नाहीत." ती खरं बोलत होती. काकूंना स्वतःच्या हातानं दुसऱ्यांदा घेता येत नव्हतं. जे त्यांनी आम्हाला शिकवलं, ते त्यांनाही कोणीतरी असंच दारात उभं करून शिकवलं असणार.

त्याच महिन्यात कचेरीच्या पाहुण्यासाठी खोली बघायला मी पडावला गेलो आणि एका लॉजच्या काउंटरवर शिवपुरीचा मुलगा दिसला. पोट सुटलेलं, केस कमी. त्यानं ओळखलं.

"चाय?"

"नको," मी म्हणालो.

"ठीक है." त्यानं रजिस्टर उघडलं. मग स्वतःच हसला. "मैं एक ही बार पूछता हूँ. जो पहली बार में हाँ बोले, उसी को पिलाता हूँ. बाकी सब नाटक आहे."

निघताना तो म्हणाला, "तेरी काकू हैं अभी?"

"आहेत."

"त्यांना विचार कधीतरी. वरण पातळ होतं की नव्हतं? बस, इतना ही बोला था मैंने."

काकू फोनवर बोलत नाहीत. मोबाइलवरचा निरोप म्हणजे उभ्यानं दिलेलं जेवण, असं त्या म्हणतात. म्हणून मी घरी येऊन कागदावर लिहिलं आणि पोस्टात टाकलं. ते पत्र असं:

काकू,

पायांवर डोकं ठेवून लिहितो. तुमच्यामुळे मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो, चार माणसांत बसतो. हे ऋण मी कुठेही आणि कोणासमोरही सांगतो.

आज एक गोष्ट तोंडानं सांगायची आहे. आपल्याकडे ती तोंडानं सांगत नाहीत, पाय न थांबवता सांगतात. मला ते जमणार नाही, म्हणून लिहितो. शिवपुरीच्या मुलाला तुम्ही जे केलंत ते मला आवडलं नाही. तेव्हाही आवडलं नव्हतं. वरण पातळ होतं, काकू. आम्ही सगळे रोज तेच वरण जेवत होतो. तो पडावला लॉजमध्ये आहे, लोकांना एकदाच चहा विचारतो. त्याचं शिक्षण तिथेच राहिलं. तुम्हाला बैठकीत जे झालं तेच त्याला रोज दोन वेळा झालं होतं, आणि त्याला जायला हरिशंकरपुरमही नव्हतं.

हे वाचून तुम्ही माझ्यावर नाराज व्हाल. व्हा. पण मला पत्र लिहून सांगा, उत्तर न देऊन सांगू नका.

यंदा महाप्रसादाला पंगत नव्हती. टेबलं मांडली होती, ज्यानं त्यानं ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. अध्यक्षही रांगेत होते. त्यांनी चार जिलब्या घेतल्या. कोणी कोणाला वाढलं नाही.

आई आता माझ्याकडे राहायला आली आहे. या रविवारी आमच्याकडे जेवायला या, मी दहा वाजता रिक्षा घेऊन येतो. एक आधीच सांगून ठेवतो. माझ्या आईला आपली रीत अजून येत नाही आणि मी ती तिला शिकवलेली नाही. शिरा केलेला असेल. अजून वाढू का, असं ती एकदाच विचारेल, आणि तुम्ही नको म्हणालात तर खरंच पुढे जाईल. म्हणून, काकू, पहिल्यांदाच हो म्हणा.